‘थोडं ओलं चालतं’ म्हणणाऱ्यांना

दंतवैद्यांच्या गप्पांत हल्ली एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘आताचं सिलिकॉन हायड्रोफिलिक आहे, थोडं ओलं चालतं.’ हे मत अडाणीपणातून आलेलं नाही, म्हणून आधी त्याचीच बाजू मांडतो. जुनं सिलिकॉन म्हणजे अळवाचं पान. पाण्याचा थेंब त्यावर गोळा होऊन घरंगळायचा. मग त्यात सर्फॅक्टंट, म्हणजे साबणाच्या जातीचे रेणू, मिसळले गेले. थेंब पसरू लागला, 90 अंशांच्या वर असलेला स्पर्शकोन बराच खाली आला, मापात स्टोन ओतताना फुगे धरायचे तेही कमी झाले. हे सारं खरं आहे. यातलं काहीच मी नाकारत नाही.

पण थेंब पसरतो, म्हणून ओल्या दाताचं मापही बिनचूक येतं, हा निष्कर्ष आला कुठून?

घट्ट झालेल्या सिलिकॉनवर थेंब पसरला, तर स्टोन नीट ओतला जाईल एवढंच सिद्ध होतं. दातावर जातं ते मऊ, क्षणाक्षणाला घट्ट होत जाणारं सिलिकॉन. सर्फॅक्टंटला पृष्ठभागावर यायला वेळ लागतो, आणि वेळ तर तिथे मोजकाच. शिवाय पसरणं वेगळं, हटवणं वेगळं. कॅपसाठी घासलेल्या दाताची कड पुष्कळदा हिरडीखाली गेलेली असते. तिथल्या फटीत ओल असेल, तर लाइट बॉडीने ती बाहेर ढकलायला हवी. नाही ढकलली, तर दाताऐवजी ओलीचाच ठसा उमटतो. (ज्याचं पाण्यावर प्रेम, त्यानेच पाण्याला घराबाहेर काढावं, ही अपेक्षाही मोठी गमतीची!)

परवा खालच्या एका दाढेचं माप लूप लावून पाहत होतो. गालाकडची कड रेघेसारखी धारदार. जिभेकडे मात्र, जिथे लाळ साचते नेमकी तिथे, तीनेक मिलिमीटर कड गोलसर, गुळगुळीत, चकाकणारी. हवेचा फुगा असता तर वाटोळा खड्डा दिसला असता. ही चकाकी ओलीची. मापात धार नाही, म्हणजे डायवरही नाही. लॅबमधला तंत्रज्ञ मग अंदाजाने कड कोरतो आणि कॅप त्या अंदाजावर बसते. दोष कुणाच्या माथी मारायचा? तंत्रज्ञाच्या?

‘लाइट बॉडी 20 मायक्रॉनची रेघ टिपतं, हे प्रमाणित आहे,’ असंही सांगितलं जातं. आहेच. पण ती रेघ टिपायची असते कोरड्या पोलादी ठोकळ्यावरून. तोंडात पोलाद नाही. तिथलं पाणीही शुद्ध पाणी नाही. लाळ आहे, हिरडीचा स्राव आहे, कॉर्ड काढताच येणारं रक्त आहे, आणि या सगळ्यांत प्रथिनं आहेत.

राहिलं पॉलिइथर. हा आक्षेप वजनदार आहे. 1960च्या दशकात जर्मनीतून आलेल्या या पदार्थाला उसना साबण लागत नाही. पाण्याची ओढ त्याच्या रेणूतल्या ऑक्सिजनच्या दुव्यांतच आहे. दमट पृष्ठभागावर ते सिलिकॉनपेक्षा बारीक तपशील उचलतं, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. मान्य. पण दमट म्हणजे दमट, लाळेचं तळं नव्हे. आणि त्याच ओढीपायी ते पाणी शोषून फुगतं. जंतुनाशकात विसरून राहिलं, की माप बिघडलंच. अल्जिनेटचा दाखला तर कुणी देऊच नये. ते मुळात बहुतांशी पाणीच, म्हणून ओल्या तोंडात निभावून जातं. पण कॅपची कड टिपायला ते किती जण वापरतात?

कॉर्ड, कापसाचे रोल, सक्शन, हवेचा हलका झोत: यांपैकी एकालाही सर्फॅक्टंटने सुट्टी दिलेली नाही.

निवाडा वाचकांनी करावा. त्याआधी एवढंच करा: आपल्या कपाटातल्या ‘हायड्रोफिलिक’ खोक्यातली घडीची पत्रिका उलगडा, आणि माप घेण्यापूर्वी दात कसा असावा, याबद्दल उत्पादकाने स्वतः काय छापलंय ते वाचा.