शाहीर अमर शेख आणि शाहिराची बिदागी

बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली लातुरापर्यंत येऊन पोचली. रुळांची रुंदी अडीच फूट, गाडीचा वेग बेताचा. वाटेत उतरून दोन घोट पाणी प्यावे आणि पुन्हा चालत्या डब्यात चढावे, अशी तिची थट्टा जुनी माणसे करीत. परंतु शिरूर अनंतपाळ, निलंगा, औसा या टापूतल्या माणसाला मोगलाईतून बाहेर पडण्याचा रस्ता म्हणजे हीच गाडी. लातूर निजामाचे, बार्शी इंग्रजांची. मोगलाईत साधी सभा भरवायची म्हटली तरी गश्ती निशाण ५३ आड येई. खालसा मुलखात निदान बोलून तुरुंगात जाता येत असे. आमच्या वाडवडिलांना बार्शी ठाऊक होती ती कापसाच्या पेठेसाठी आणि गिरण्यांच्या भोंग्यांसाठी. त्याच बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी एका गरीब मुसलमान घरात मेहबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा जन्मला. त्याला पुढे साऱ्या महाराष्ट्राने शाहीर अमर शेख म्हणून ओळखले. आजचा विषय तो आहे.

आम्ही त्यांना प्रत्यक्ष ऐकलेले नाही. ते गेले तेव्हा आमचा जन्मही झालेला नव्हता. आम्हांला अमर शेख प्रथम भेटले ते एका म्हाताऱ्या जॉबरच्या तोंडून. हे गृहस्थ बार्शीच्या गिरणीतून निवृत्त होऊन आमच्या शेजारी राहावयास आले होते. दम्याने त्यांना दोन ओळी सलग गाता येत नसत, मग ते उरलेली चाल हाताने मांडीवर वाजवून दाखवीत आणि म्हणत, "इथं तो आवाज वर न्यायचा, लेकरा. किती वर, ते सांगून कळायचं नाही." पुढे मुद्रिका ऐकल्या, पुस्तके मिळवून वाचली, तेव्हा म्हाताऱ्याचे म्हणणे पटले.

मेहबूबची आई मुनेरबी. जात्यावरच्या ओव्या आणि लोकगीते यांचा वारसा त्याला मिळाला तो तिच्याकडून. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शाहिरी ही अमुकाची आणि अमुकाची नव्हे, अशी वाटणी आजकाल काही मंडळी करू पाहतात. पेशवाईच्या अखेरीचे नामांकित शाहीर सगनभाऊ हे जातीने मुसलमान, धंद्याने शिकलगार. हत्यारांना धार लावता लावता त्यांनी लावण्या आणि पोवाडे रचले. अनंत फंदी, राम जोशी, होनाजी, परशराम, प्रभाकर यांच्या पंगतीत त्यांचे पान आहेच. तेव्हा बार्शीच्या पटलांच्या पोराने डफावर थाप मारली, यात नवल करण्यासारखे काही नव्हते.

पोराचे आयुष्य मात्र कष्टाचे. मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, गिरणीत कामगार म्हणून काम केले. १९३० ते ३२ च्या राष्ट्रीय चळवळीत तो ओढला गेला तेव्हा वय चौदा ते सोळा. गिरणीच्या संपात पुढारपण केले आणि त्यापायी तुरुंग पाहिला. नगर जिल्ह्यातल्या विसापूरच्या तुरुंगात कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी गाठ पडली आणि तेथून तो कम्युनिस्ट विचाराकडे वळला. आम्हां संघटनेच्या माणसांना ही वाट ओळखीची आहे. मालक पुस्तक वाचावयास सवड देत नाही. ती सरकार देते, गजाआड.

तुरुंगानंतर काही दिवस कोल्हापूर. मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम करीत असतानाच 'अमर शेख' हे नाव मिळाले. पुढे मुंबई, आणि १९४४ च्या सुमारास लाल बावटा कलापथक.

या कलापथकाची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण अमर शेखांच्या कर्तृत्वाचे मर्म तेथे आहे. तिघे मुख्य : अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख. अण्णा भाऊ वाटेगावचे, १९२० साली जन्मलेले, शाळेचा उंबरा जेमतेम ओलांडलेले. त्यांची लेखणी धारदार. गव्हाणकर रचणारे आणि गाणारेही. अमर शेखांचा आवाज पहाडी. एकाने लिहावे, दुसऱ्याने बांधावे, तिसऱ्याने उचलावे, आणि मागे झील धरणाऱ्यांनी ते पेलावे, असा हा कारखाना होता. शाहीर एकटा उभा दिसतो, पण तो एकटा नसतो. त्याची ओळ संपता संपता झीलकरी ती उचलून धरतात. तेवढ्या अवकाशात तो श्वास घेतो आणि पुढच्या चढणीला लागतो. झील सैल पडली तर कितीही मोठा गळा असला तरी पोवाडा बसतो. गिरणीत एक साचा बंद पडला की शेजारच्यावर ताण येतो, त्यातलाच हा प्रकार.

साधने जुनीच : डफ, तुणतुणे, झांज. तमाशाचा साचाही जुनाच, पण त्यात बदल केलेला. तमाशा गणाने, म्हणजे गणपतीच्या नमनाने सुरू होतो. मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग. अण्णा भाऊंनी गवळण काढून टाकली आणि गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि श्रमिकांना नमन घातले. हे त्या काळी किती धाडसाचे होते, याची कल्पना आज येणार नाही. समोर बसलेला गिरणीकामगार काही नास्तिक नव्हता. घरी त्याच्या देव्हाऱ्यात गणपती असे. पण नमन आपल्या हातांना होत आहे, हे त्याला आवडले. मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हा हाच प्रकार 'लोकनाट्य' या नावाने उभा राहिला. नाव बदलून धंदा चालू ठेवण्याची युक्ती व्यापाऱ्यांना ठाऊक असते. ती शाहिरांनाही साधली.

अमेरिकेत वुडी गथ्री नावाचा असाच एक रानगायक होऊन गेला. जन्म १९१२, ओक्लाहोमा प्रांतातला. १९३० नंतरच्या धुळीच्या वादळांनी तिकडची शेते उडवून नेली आणि कुटुंबेच्या कुटुंबे कॅलिफोर्नियाकडे मजुरीला निघाली. त्यांच्याबरोबर हाही निघाला. लोकांना आधीच पाठ असलेल्या चाली घ्यावयाच्या आणि त्यांत नवे शब्द भरावयाचे, ही त्याची रीत. अण्णा भाऊ आणि अमर शेख यांचीही रीत तीच. सातासमुद्रांपलीकडे दोन माणसांना एकच युक्ती सुचते, कारण अडचण एकच असते : ऐकणाऱ्याजवळ नवी चाल शिकण्याइतका वेळ नसतो. फरक इतकाच, की १९४० साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी गथ्रीला यंत्रापुढे बसवून त्याची गाणी आणि गप्पा उतरवून घेतल्या गेल्या. अमर शेखांच्या आवाजाच्या ज्या थोड्या मुद्रिका हाती लागतात, त्यांवर आपणांस भागवावे लागते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या आवाजाचे खरे चीज झाले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत पुन्हा माणसे मारली गेली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. आचार्य अत्रे, डांगे, एस. एम. जोशी, प्रबोधनकार यांची भाषणे आणि त्यांच्या जोडीला अमर शेख, अण्णा भाऊ, गव्हाणकर यांचे डफ. सभेपूर्वी गर्दी जमेपर्यंत गाणे आणि पुढारी आले की गाणे बंद, असा रिवाज सगळीकडे आढळतो. या लढ्यात तो मोडला. लोक गाण्यासाठी येत आणि भाषणे ऐकून जात. मराठवाड्याचे पाच जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले, म्हणजे आपण मराठी राज्याच्या दाराशी पोचलो. घरात शिरावयास १ मे १९६० उजाडावे लागले. त्या साडेतीन वर्षांत आपल्या हक्काची भाषा ज्या गळ्यांनी गावोगाव नेली, त्यांत हा बार्शीचा गळा पहिल्या ओळीत होता.

'माझी मैना गावाकडं राहिली' ही अण्णा भाऊंची छक्कड अमर शेखांनी गाजविली. तिचा विषय आपण सर्वजण जाणता. पोटासाठी मुंबईला गेलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो. आणि अखेरीस ती ताटातूट बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव महाराष्ट्रापासून तुटल्याच्या दुःखाशी जाऊन मिळते. प्रचाराचे काव्य प्रचाराबरोबर मरते, असे पंडित म्हणतात. ते सर्वस्वी खोटे नाही. त्या काळी निवडणुकीसाठी, संपासाठी, एखाद्या मंत्र्याची खिल्ली उडविण्यासाठी रचलेली कितीतरी कवने आज कोणी उच्चारीत नाही, आणि त्यांत फार मोठे नुकसान झाले असेही आम्हांस वाटत नाही. मैना मात्र टिकली. आमच्या मते ती टिकली, कारण तीत माणसाचे दुःख आधी येते आणि नकाशा मागून. आजही आपल्या तालुक्यातली तरणी पोरे पुण्याच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला जातात. त्यांच्यापैकी पुष्कळांना उंबरगाव कोठे आले हे सांगता येणार नाही. गाण्याचा पहिला भाग त्यांना समजावून द्यावा लागत नाही.

अमर शेख नुसते गाणारे नव्हते. 'अमरगीत' हा गीतांचा संग्रह १९५१ चा. 'कलश' १९५८ चा, 'धरतीमाता' १९६३ चा. 'पहिला बळी' हे नाटक लिहिले. छत्रपती शिवाजी महाराज, होळकर, उधमसिंग यांवर पोवाडे रचले. 'युगदीप' आणि 'वक्त की आवाज' ही मासिके चालविली. 'महात्मा जोतिबा फुले' आणि 'प्रपंच' या चित्रपटांत कामे केली. गोवामुक्तीच्या वेळी ते गात होते, १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हाही देशासाठी गात होते. अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचे मायकोव्स्की म्हटले. अत्र्यांच्या तोंडून मोठे शब्द सहज निघत, आणि या शब्दात प्रेम होते हे निर्विवाद. तरी आम्हांस ही उपमा तितकीशी रुचत नाही. 'कलश' मधील कविता वाचताना काही ठिकाणी वाटते, की येथे कागद अपुरा पडला; ओळ छातीच्या मापाने लिहिलेली आहे आणि डोळ्यांना ती लांबट दिसते. मायकोव्स्कीपेक्षा मुनेरबीच्या जात्याशी तिचे नाते अधिक जवळचे आहे.

आता थोडे अप्रिय. चळवळीने आपल्या शाहिरांना काय दिले? अण्णा भाऊ घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत वर्षानुवर्षे राहिले. इतक्या कथा, इतक्या कादंबऱ्या, रशियाचा प्रवास, आणि शेवट दारिद्र्यात. शाहीर म्हणजे आपलाच माणूस. आपल्या माणसाला पैसे काय विचारावयाचे, ही आमची सर्वांची मनोवृत्ती. आम्ही हे दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी आडत बाजारातील हमालांचा मोठा मेळावा आम्ही भरविला होता. मंडपवाल्याने आगाऊ पैसे घेतले, लाउडस्पीकरवाल्याने आगाऊ घेतले, चहावाल्याचे रात्री चुकते केले. शाहीर आणि त्याचे पाच साथीदार लांबून एस. टी. ने आले होते. उन्हात दीड तास गायले. मागच्या रांगेतले हमाल उठून पुढे आले ते त्यांच्यामुळे. आमच्या भाषणामुळे नव्हे, हे आम्ही व्यासपीठावरून डोळ्यांनी पाहत होतो. शेवटी त्यांना एक नारळ, एक शाल दिली आणि आम्हीच वर म्हणालो, "तुमचं तर समाजकार्यच आहे." शाहीर हसला. पुढे महिन्याने कळले, की परतीच्या तिकिटासाठी त्यांनी हलगीवाल्याकडून उसने घेतले होते. किमान वेतनासाठी भांडणाऱ्या संघटनेच्या मेळाव्यात सहा माणसांनी दिवसभर बिनपगारी काम केले, आणि आमच्या हिशेबवहीत त्याची नोंद कोठेही नव्हती. त्या वर्षीचा जमाखर्च सभेत बिनविरोध मंजूर झाला.

जुन्या दरबारात शाहिराला बिदागी मिळे. तो कोणाचा तरी आश्रित असे. अमर शेखांच्या पिढीने आश्रय झुगारला आणि लोकांच्या भरवशावर उभे राहण्याचे ठरविले. लोकांनी टाळ्या दिल्या, प्रेम दिले, हे खरे. आणि चळवळीच्या निधीसाठी त्यांनी हाक घातली की लोक खिसेही रिकामे करीत. तो पैसा चळवळीचा. शाहिराच्या चुलीचा प्रश्न चळवळीपुढे कधी ठरावाच्या रूपाने आला नाही. यातून वाट कशी काढावयाची, याचे तयार उत्तर आमच्याजवळ नाही. पगारी शाहीर ठेवला की तो पगार देणाराचे गाणार, ही भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण तिकिटाचे पैसे द्यावयास कोणते तत्त्व आड येत होते?

१९६९ च्या पावसाळ्यात दोघेही गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख. वय त्रेपन्नाच्या आत. मोटारीवरचा क्लीनर म्हणून ज्यांनी भाकरी कमावली, त्यांचा शेवटही रस्त्यावरच झाला. त्यांच्या कन्या मल्लिका अमर शेख या मराठीतील नामवंत कवयित्री. वडिलांवर त्यांनी 'सूर एका वादळाचा' हे पुस्तक लिहिले आहे. ज्यांना शाहिराच्या घरातली बाजू पाहावयाची असेल त्यांनी ते मिळवून वाचावे.

बार्शीची ती अरुंद गाडी आता नाही. रूळ रुंद झाले आणि लातूरहून थेट मुंबईला निघता येते. म्हातारे जॉबरही राहिले नाहीत. भाषणानंतर आपल्याच तालुक्यातील कलापथक अमर शेखांच्या काही रचना सादर करणार आहे, तेव्हा श्रोत्यांनी कृपया उठू नये. कलापथकाची बिदागी आणि प्रवासखर्च व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आज दुपारीच त्यांच्या हाती दिला आहे. आम्ही येताना पावती पाहिली.