घरची बिअर आणि घरातली बाई

आजचा प्रश्न वरवर थट्टेचा वाटेल. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये घरच्या घरी बिअर करणाऱ्या हौशी लोकांची मंडळं आहेत. ती महिन्याला जमतात, एकमेकांची बिअर चाखतात, स्पर्धा भरवतात. या मंडळांत बायका फार थोड्या दिसतात; दहा जणांत एखादी. असं का?

सुरुवातीलाच एक सांगून ठेवू. हे व्याख्यान मद्यपानाच्या बाजूचं नाही आणि विरोधातलंही नाही. आपल्या महाराष्ट्रात बाई दारूच्या प्रश्नात उतरली ती बहुधा बाटली आडवी करायला, आणि तिची कारणं आपल्याला ठाऊक आहेत. आज आपल्याला बघायचंय ते वेगळं: एक काम बाईचं होतं, ते तिचं राहिलं नाही, आणि मग ते घरात परत आलं तरी तिच्याकडे आलं नाही. हे कसं घडलं?

या प्रश्नाला नेहमी तीन उत्तरं मिळतात. बायकांना बिअरची चव आवडत नाही. जड भांडी उचलावी लागतात. आणि यंत्रं, तापमान, मोजमाप यांत त्यांना रस नसतो. तिन्ही उत्तरांत एक गृहीत दडलेलं आहे: जागा सर्वांना मोकळी आहे, उणीव काय ती न येणाऱ्यात आहे. आम्ही तर्कशास्त्र शिकवत असू तेव्हा विद्यार्थ्यांना सांगायचो, उत्तर शोधण्याआधी प्रश्न तपासा. इथे प्रश्न तपासायला इतिहास उपयोगी पडतो.

अगदी जुन्या काळापासून पाहू. सुमेर संस्कृतीत बिअरची देवता निनकासी, ती स्त्री. तिचं स्तोत्र इ. स. पूर्व १८००च्या सुमाराच्या मातीच्या विटांवर मिळालं आहे. हम्मुराबीच्या कायद्यात मद्यगृह चालवणाऱ्यांसाठी नियम आहेत, आणि तिथे ती व्यक्ती स्त्रीच धरलेली आहे. पण देवता स्त्री असली म्हणून बायकांची सत्ता होती असं होत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून थेट मध्ययुगीन इंग्लंडमध्ये येऊ. तिथली कागदपत्रं बोलकी आहेत.

तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये रोजचं पेय होतं एल. जवाला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, गरम पाण्यात मुरवायचे आणि निघालेलं गोड पाणी आंबवायचं. हे एल चार-पाच दिवसांत आंबट होई. म्हणजे पुन्हा पुन्हा करणं आलं. ज्या घरी जास्त झालं, त्या घरची बाई उरलेलं शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकी. दाराबाहेर काठी लावली की समजायचं, एल तयार आहे. अशा बाईला ‘ब्रूस्टर’ म्हणत. हे स्त्रीवाचक रूप. सूत कातणारी ती ‘स्पिन्स्टर’, तसंच हे.

याच शतकात पाव आणि एल यांच्या किमती ठरवणारा कायदा आला, गावोगाव एल चाखून पाहणारे तपासनीस नेमले गेले. नियम मोडला की दंड. दंडाच्या या याद्या आज शिल्लक आहेत आणि कित्येक गावांच्या याद्यांत ओळीने बायकांची नावं आहेत. काही ठिकाणी मात्र एल बायकोने केलं आणि दंड नवऱ्याच्या नावावर मांडला गेला. म्हणजे काम करणारी कागदावरून गेलीच. ज्युडिथ बेनेट या इतिहासकार बाईंनी अशा कागदांवरून १९९६ साली एक ग्रंथ लिहिला. त्यांचा निष्कर्ष आपल्याला महत्त्वाचा आहे: हा बायकांचा सुवर्णकाळ नव्हता. काम कष्टाचं होतं, नफा थोडा होता, प्रतिष्ठा त्याहून थोडी. ते बायकांकडे होतं, कारण पुरुषांना त्यात फारसं मिळण्यासारखं नव्हतं.

मग दोन गोष्टी बदलल्या. १३४८च्या महामारीनंतर वाचलेल्या माणसांची मजुरी वाढली, लोक जास्त एल पिऊ लागले, धंद्याला बरकत आली. आणि १४००च्या सुमारास समुद्रापलीकडच्या फ्लँडर्स-हॉलंड भागातून नवी बिअर आली. तिच्यात हॉप नावाच्या वेलीची फुलं उकळलेली असत. त्यामुळे ती चार दिवस नाही, कित्येक आठवडे टिके. टिकते म्हटल्यावर साठवता येते, दूर पाठवता येते, सैन्याला आणि जहाजांना पुरवता येते. पण त्यासाठी मोठ्या कढया, भरपूर सरपण, पिंपं, नोकर आणि मुख्य म्हणजे भांडवल लागतं.

आता इथे थांबून विचार करा. लग्न झालेल्या बाईला त्या काळच्या कायद्याने स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येत नसे, करार करायचा तर नवऱ्यामार्फत. तिला कर्ज कोण देणार? लंडनच्या बिअर-एलवाल्यांच्या संघात सुरुवातीला बायकाही वर्गणी भरत होत्या. पण संघाचा कारभार पुरुषांकडे. विधवा नवऱ्याचा धंदा चालवू शके, तेवढीच वाट उघडी राहिली. शिवाय बदनामी होतीच. स्केल्टन या कवीने सोळाव्या शतकाच्या आरंभी एल विकणाऱ्या एका बाईची किळसवाणी टर उडवणारं दीर्घकाव्य लिहिलं. १५४० साली चेस्टर शहराने हुकूम काढला की चौदा ते चाळीस वयाच्या कुठल्याही बाईने एलचं दुकान चालवू नये. १६००पर्यंत हा धंदा पुरुषांचा झालेला होता.

इथे एक लोकप्रिय गोष्ट बाजूला ठेवू. चेटकिणीचं टोकदार टोपी, कढई, मांजर आणि झाडू असं जे चित्र आहे ते एल करणाऱ्या बायकांवरूनच आलं, असं हल्ली फार सांगितलं जातं. त्याला भक्कम पुरावा नाही. गोष्ट चटकदार आहे, पण तिने खरं कारण झाकलं जातं. या बायकांना धंद्यातून बाहेर काढायला चेटकीण ठरवावं लागलं नाही. भांडवल, कायदा आणि संघ पुरेसे होते.

धंदा गेला, पण घरचं काम काही काळ राहिलं. अमेरिकेत थॉमस जेफरसनशी १७७२ साली लग्न झाल्यावर मार्था जेफरसन घरी पंधरा-पंधरा गॅलन हलकी बिअर करून घेत, जवळजवळ दर पंधरवड्याला. याला कोणी छंद म्हटलं नाही. तो संसाराचा भाग होता, जसं लोणचं, जसं साबण. पुढे कारखान्यांची स्वस्त बिअर आली आणि घरातलं हे काम संपलं.

आता विसाव्या शतकात या. इंग्लंडमध्ये घरी बिअर करायला परवाना लागे, तो १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत १९३३ला दारूबंदी उठली, पण घरची बिअर कायद्यात राहून गेली. ती मोकळी झाली १९७८ साली, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने: एका प्रौढाच्या घराला वर्षाला शंभर गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर दोनशे. लॉस एंजलिसमध्ये १९७४लाच एक मंडळ सुरू झालं होतं. १९७८ला कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी चार्ली पपाझियन आणि चार्ली मॅट्झन यांनी राष्ट्रीय संघटना काढली. १९८५ला परीक्षकांची परीक्षा आणि प्रमाणपत्रं सुरू झाली. आज बिअरला पन्नासपैकी गुण मिळतात.

म्हणजे बिअर घरी परत आली. पण कुठल्या दाराने आली? स्वयंपाकघराच्या नाही, गॅरेजच्या दाराने. ती आजीकडून नातीकडे आली नाही, कारण मधल्या पिढ्यांत ती साखळी तुटली होती. ती कारखान्याकडून आली. कारखान्याची उपकरणं लहान करून, त्याचीच मोजमापं आणि त्याचाच अभिमान घेऊन. काम तेच, जव-पाणी-आंबवण तेच, नाव बदललं. पूर्वी ते घरकाम होतं, आता तो छंद झाला.

आणि घरकाम व छंद यांतला फरक कशात असतो? हातात नाही, डोक्यातही नाही. वेळेत असतो. घरकाम हे इतर कामांच्या मधे मधे बसवलेलं असतं. मध्ययुगातली बाई एल करता करता मूल सांभाळी, भाकरी भाजी. छंदाला सलग वेळ लागतो. पाच गॅलनची एक खेप करायची तर शनिवारचे पाच-सहा तास गेले, आणि त्या वेळात ‘जरा इकडे या’ असं कोणी म्हणायचं नाही. असा वेळ घरात कोणाकडे असतो? आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८९ साली अमेरिकेतल्या नोकरदार बायकांच्या घरच्या दुसऱ्या पाळीवर पुस्तक लिहिलं. आपल्याकडे २०१९च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं आढळलं. घरकाम करणारे पुरुष ९७.

आता ती तीन उत्तरं पुन्हा पाहा. जड भांडी? पाच गॅलन म्हणजे एकोणीस-वीस लिटर. पाण्याचे हंडे कोणी वाहिले? मोजमाप, तापमान, आंबवण यांत रस नाही? विरजण कधी लावायचं, थंडीत इडलीचं पीठ कुठे ठेवायचं, हे आपल्या घरात कोणाला कळतं? झारखंडमध्ये तांदळाची हंडिया बायकाच करतात आणि आठवडी बाजारात विकतात. राहिली चव. चव सवयीने येते, आणि सवय कुठे बसायला जागा आहे त्यावर ठरते.

बायकांनी आपल्या परीने वाटा काढल्या आहेत. टेरी फॅहरेनडॉर्फ यांनी २००७ साली बिअरच्या धंद्यातल्या बायकांची ‘पिंक बूट्स सोसायटी’ सुरू केली. घरी बिअर करणाऱ्या बायकांसाठी कॅलिफोर्नियात वेगळी स्पर्धाही भरते. चांगलं आहे. पण मंडळाचं दार उघडून भागत नाही. त्या दारापर्यंत यायला शनिवार मोकळा लागतो.

तेव्हा बिअर हे निमित्त. आपल्या घरात जे काम बाईने केलं तर कर्तव्य आणि पुरुषाने केलं तर कौतुक ठरतं, अशा कामांची यादी प्रत्येकाने करून पाहावी. यादी छोटी निघणार नाही. आणि मग घरातल्या बाईला विचारावं, तुला सलग सहा तास मिळाले तर तू काय करशील? तिला चटकन उत्तर सुचलं नाही, तर तिला आवड नाही असं समजू नका. तो प्रश्न तिला आजवर कोणी विचारलेला नाही.