छपन्न्याचा दुष्काळ आणि मारवाडचे राईका

दिवाळी उलटली की मारवाडातील राईका मेंढपाळ आपले कळप घेऊन माळव्यात उतरतात. लाल पागोटी, सामान लादलेले उंट आणि धुळीचे लोट, एवढीच आपल्या घराण्यांना त्यांची ओळख. या येण्यामागे केवढा हिशेब आहे, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

मारवाडात दुष्काळाचेही प्रकार आहेत. धान्य बुडाले तर अकाल, पाणी आटले तर जलकाल, गवत गेले तर तिनकाल आणि तिन्ही गेली तर त्रिकाल. अशा मुलखात राईकांनी आपले धन एका जागी ठेवले नाही. अनेक कळप मिळून एक ‘डांग’ होते. तिचा नंबरदार वाट, मुक्काम आणि गावकऱ्यांशी बोलणी ठरवतो. रात्री मेंढ्या शेतात बसवायच्या, लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य वा पैसे घ्यायचे. माळवा ही त्यांची जणू विम्याची ठेव होती.

१८९९ साली, म्हणजे विक्रम संवत १९५६ मध्ये, ही ठेव बुडाली. मारवाडात त्रिकाल पडला, माणसे-गुरे नेहमीच्या वाटांनी निघाली. पण दुष्काळ न जाणणारा म्हणून ख्याती असलेल्या माळव्यातही त्या वर्षी पाऊस आला नाही. मारवाडची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २५ लाख होती, ती १९०१ मध्ये सुमारे १९ लाखांवर आली. आपले इंदूर संस्थानही ११ लाखांवरून साडेआठ लाखांवर उतरले. भूक, रोगराई आणि स्थलांतर, सारेच त्या आकड्यांत आहे. सरकारी मदत म्हणजे प्रामुख्याने खडी फोडणे आणि तलाव खणणे. मेंढपाळाने तेथे जावे तर उरलेली जनावरे कोणी राखायची? विकावी तर सर्वत्र तीच विक्री. जनावराचा भाव कोसळलेला आणि धान्याचा चढलेला.

सावरण्यात जनावराची जात महत्त्वाची ठरते. मेंढी पाच महिन्यांत विते, गाय नऊ महिन्यांनी. उंटिणीला तेरा महिने लागतात आणि पुढचे पिल्लू साधारण दोन वर्षांनी. म्हणून मोडलेला संसार शेळ्या-मेंढ्यांपासूनच उभा राहतो. ज्याचा कळप गेला त्याने दुसऱ्याची जनावरे राखावी आणि मोबदल्यात कोकरे मिळवावी, ही मेंढपाळ समाजांतील जुनी वाट. शेतकऱ्याला बैल कर्जाऊ मिळतो. याला मात्र पत असते ती भावकीत आणि सोयऱ्यांत.

महसुली कामात आम्ही अनेक वर्षे पिकांची आणेवारी काढली. चराईच्या गवताची आणेवारी कोणी मागितल्याचे आम्हांला स्मरत नाही! ज्याच्या नावे खसरा नाही, तो नुकसानीच्या यादीत येणार कसा?

गेल्या शतकाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत माळव्यात सोयाबीन पसरले. खरिपात काळी जमीन पडीक ठेवून फक्त रब्बी घेण्याची रीत त्यामुळे मोडली. सिंचनाने दोन पिकांमधला मोकळा काळही आखडला. उत्पन्न वाढले, हे खरेच, पण पडीक शेत हा मेंढीचा चारा होता. इकडे माळव्यात असे आणि तिकडे मारवाडात गोचर व ओरण आटत गेलेले. त्यामुळे काही राईका कुटुंबे आता पावसाळ्यातही घरी परतत नाहीत, वर्षभर मध्य प्रदेशातच फिरतात.