अयनदिन ते संक्रांत : सावलीचा हिशेब आणि सुगडाचा सण

भंडारा : डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडतो तेव्हा जिल्ह्यातील धानाची कापणी आणि मळणी बहुतेक आटोपलेली असते. बांध्या मोकळ्या होतात, खळ्यांवर तणसाचे ढीग रचले जातात आणि जमिनीतील उरल्यासुरल्या ओलाव्यावर लाखोरी व जवस तग धरतात. शेतकरी कुटुंबाला वर्षातील थोडी उसंत मिळते ती याच दिवसांत. आकाशातही एक महत्त्वाचा बदल याच सुमारास घडतो. दक्षिणेकडे सरकत गेलेला सूर्य थांबतो आणि उत्तरेकडे वळतो. या घटनेला अयनदिन म्हणतात. मराठी घरांत तिचा उत्सव साजरा होतो तो मात्र तीन आठवड्यांनंतर, मकरसंक्रांतीला. हे अंतर का पडले आणि सणातील कोणत्या प्रथा जपण्याजोग्या आहेत, याचा हा आढावा.

सर्वांत लहान दिवस

दरवर्षी २१ किंवा २२ डिसेंबर रोजी सूर्य मकरवृत्तावर असतो. उत्तर गोलार्धात तो वर्षातील सर्वांत लहान दिवस ठरतो. भंडारा शहर सुमारे २१ अंश १० कला उत्तर अक्षांशावर असल्याने येथे हा दिवस साधारण १० तास ५० मिनिटांचा असतो. जूनमधील सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा असतो. म्हणजे दोहोंत अडीच तासांहून अधिक फरक पडतो.

अयनदिनानंतर दिवस मोठा होऊ लागला तरी त्याची जाणीव सकाळी होत नाही. सूर्यास्त डिसेंबरच्या पूर्वार्धापासूनच थोडा थोडा उशिरा होऊ लागतो. सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत लांबतच जातो. त्यामुळे संक्रांतीच्या दिवशी पहाटे उठणाऱ्याला अंधार पूर्वीपेक्षा जास्तच वाटतो. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने.

सण तीन आठवडे उशिरा का?

उत्तरायणाचा प्रारंभ आणि सूर्याचा मकर राशीतील प्रवेश या दोन वेगळ्या घटना आहेत. सुमारे १,७०० वर्षांपूर्वी त्या एकाच वेळी घडत. पृथ्वीचा आस भोवऱ्याप्रमाणे अतिशय संथ गतीने डोलतो आणि त्याचे एक आवर्तन पूर्ण होण्यास सुमारे २५,८०० वर्षे लागतात. या गतीमुळे ऋतूंचे वर्ष नक्षत्रांच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी लहान भरते. फरक किरकोळ दिसतो. पण साधारण ७० ते ७२ वर्षांत तो एका दिवसाचा होतो. शतके लोटली तशी संक्रांत अयनदिनापासून दूर सरकली आणि आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते.

याचा एक सुपरिचित दाखला आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. दीडशेहून अधिक वर्षांत सण दोन दिवस पुढे गेला, हे या तारखेवरून ध्यानात येते. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ओरायन’ या ग्रंथात याच गतीच्या आधारे वैदिक काळाचा अंदाज बांधला होता. स्वातंत्र्यानंतर डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने ऋतूंशी मेळ राखणारी दिनदर्शिका सुचविली व ती २२ मार्च १९५७ पासून शासकीय वापरात आली. या राष्ट्रीय दिनदर्शिकेत पौष महिन्याची पहिली तारीख २२ डिसेंबरला येते. खरे उत्तरायण आणि पौषारंभ यांची सांगड तेथे घातलेली आहे.

काठीची सावली मोजण्याचा प्रयोग

अयनदिन घरातील मुलांना समजावून देण्यासाठी एक मीटर लांबीची सरळ बांबूची काठी पुरेशी आहे. सपाट अंगणात ती ओळंब्याने उभी रोवावी आणि दुपारी पावणेबारा ते साडेबारापर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. सर्वांत आखूड सावली हीच माध्यान्हीची सावली होय. ती नेमकी उत्तर दिशा दाखविते.

भंडाऱ्याच्या अक्षांशावर या प्रयोगात एक सुरेख योग जुळून येतो. अयनदिनी माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. त्यामुळे काठीची सावली काठीच्या उंचीइतकीच, म्हणजे ९८ ते ९९ सेंटीमीटर भरते. ही वेळ दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास येते. संक्रांतीच्या दिवशी तीच काठी पुन्हा उभी केल्यास सर्वांत आखूड सावली १२ वाजून २० मिनिटांच्या सुमारास पडते आणि ती ९१ ते ९२ सेंटीमीटरच भरते. सात सेंटीमीटरचा हा फरक म्हणजे सूर्याने उत्तरेकडे केलेल्या वाटचालीची नोंद होय. मार्चमध्ये, दिवस व रात्र समान असताना, सावली ३९ सेंटीमीटरच्या आसपास येते आणि मे महिन्याच्या अखेरीस एका दुपारी ती पूर्णपणे पायाखाली नाहीशी होते. चार वेळा घेतलेली ही मापे भिंतीवर लिहून ठेवल्यास घरचेच पंचांग तयार होते.

सुगड आणि वाण

संक्रांतीच्या पूजेतील मुख्य वस्तू म्हणजे मातीचे सुगड. ‘सुघट’ या शब्दापासून ते नाव आले असे मानतात. त्यात हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, बोरे, गाजर, वालाच्या शेंगा, गव्हाच्या ओंब्या आणि तिळगूळ भरतात. त्या त्या हंगामात शेतात व रानात जे पिकते, ते या लहानशा घटात एकत्र येते. आदल्या दिवशी भोगी आणि दुसऱ्या दिवशी करीदिन असा हा तीन दिवसांचा सण असला तरी हळदीकुंकू आणि वाण रथसप्तमीपर्यंत चालते. रथसप्तमीला अंगणात सूर्याचा रथ रांगोळीने काढून, गोवऱ्यांच्या आचेवर मातीच्या बोळक्यात दूध उतू जाऊ देण्याची प्रथा आहे.

अलीकडे वाणाच्या ताटात प्लास्टिकच्या डब्या, चाळण्या आणि टोपल्यांची गर्दी झाली आहे. या वस्तू स्वस्त असल्या तरी लवकरच कचऱ्यात जातात. जिल्ह्याला कुंभारकाम, बुरडकाम, पितळी भांडी आणि कोशाचे कापड यांची परंपरा आहे. मातीची पणती, बांबूची परडी किंवा लहान पितळी पळी वाण म्हणून दिल्यास खर्चात फार मोठा फरक पडत नाही आणि पैसा गावातील कारागिराच्या हाती जातो.

हलवा आणि लूट

हलव्याचे दागिने ही थंडीच्या दिवसांतील खास घरगुती कला आहे. जाड बुडाच्या परातीत मंद आचेवर तीळ घेऊन त्यावर साखरेच्या पाकाचे थोडे थोडे थेंब सोडतात आणि बोटांनी सतत हलवत राहतात. पाक सुकला की पुन्हा थेंब सोडायचे. हवा कोरडी व थंड असल्यास दाण्यावर चांगला काटा येतो. ढगाळ हवेत तो येत नाही. हे काम काही दिवस पुरवून करावे लागते. तयार दाणे दोऱ्यात गुंफून नववधूसाठी हार, बांगड्या आणि बाळासाठी मुकुट, बासरी करतात.

लहान मुलांना बोरन्हाण घालण्याची प्रथा सर्वत्र आहे. विदर्भात तिला ‘लूट’ असेही म्हणतात. बाळाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, मुरमुरे आणि हलवा ओततात व जमलेली मुले ते वेचतात. तिळाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग तेलाचा असल्याने थंडीत तो शरीराला उपयुक्त ठरतो. काळे कपडे या एका सणाला चालतात, कारण काळा रंग उष्णता शोषून घेतो. बाळाच्या अंगावर मात्र कठीण बोरे उंचावरून टाकू नयेत आणि तीन-चार वर्षांखालील मुलांच्या तोंडात बोराची बी किंवा हलव्याचा कठीण दाणा जाणार नाही, याकडे लक्ष द्यावे.

रानातील वस्तूंची कारागिरी

सुटीच्या दिवसांत मुलांना करता येण्याजोग्या वस्तूंसाठी बाजारात जाण्याची गरज नाही. धानाच्या लोंब्या पाण्याने थोड्या ओलसर करून विणल्यास दारासाठी तोरण होते. काही दिवसांनी चिमण्या त्याचे दाणे टिपून नेतात. पळसाची पाने काड्यांनी टाचून द्रोण करता येतात आणि तिळगूळ त्यातूनच वाटता येतो. ऐन व अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या टसर किड्याचा, पतंग बाहेर पडून गेल्यावर उरलेला कोसा, धागा ओवून माळेत वापरता येतो. झाडावरचा भरलेला कोसा मात्र तोडू नये. तो कोसा उत्पादकांच्या उपजीविकेचा भाग आहे.

पतंगही बांबूच्या कामट्या, कागद आणि खळ यांतून घरीच होतो. प्रश्न दोऱ्याचा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तसेच मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तरीही दुचाकीस्वारांचे गळे चिरल्याच्या घटना घडतात. याच काळात जिल्ह्यातील तलावांवर स्थलांतरित पाणपक्षी मुक्कामाला असतात. हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याचा पंख तारेवर लोंबणाऱ्या मांजात अडकला की तो क्वचितच वाचतो. साधा सुती दोरा वापरणे, पक्ष्यांच्या ये-जा करण्याच्या पहाटेच्या व सायंकाळच्या वेळी पतंग न उडविणे आणि तुटलेला दोरा गुंडाळून आणणे, एवढे प्रत्येक कुटुंबाला करता येते. नदीस्नानानंतर वैनगंगेत निर्माल्य व प्लास्टिक न सोडणे हेही त्यातच आले. काठावरच्या अनेक गावांचे पिण्याचे पाणी याच नदीचे आहे.

कुंकवाच्या पलीकडे

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची एक बाजू दीर्घकाळ अबोल राहिली. पती निधन पावलेल्या स्त्रीला या समारंभात स्थान नसे. सासू, जाऊ किंवा बहीण घरातच असूनही ती स्वयंपाकघरात थांबे आणि वाण तिच्या हाती येत नसे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे सुचविले. परिपत्रकाने दार उघडते. आत बोलावण्याचे काम घरातील माणसांनाच करावे लागते. त्यासाठी निराळ्या विधीची आवश्यकता नाही. तिळगूळ देताना आणि सुगड पुजताना रांगेतील कोणालाही वगळू नये, इतकेच पुरे. सूर्याच्या परतीचा प्रकाश अंगणात सर्वांवर सारखाच पडतो.