योग्य लांबी कुठे असते?

आज आपण मोजमापाच्या इतिहासातली एक साधी सळई घेऊ : इंजिनातला पुशरॉड. कॅमशाफ्ट खाली, व्हॉल्व्ह वर. खालचा धक्का ही सळई वर रॉकरपर्यंत पोचवते. जुनी बुलेट चालवणाऱ्यांना ती ठाऊक असेल. मिस्त्री झाकण उघडून पुशरॉड चिमटीत फिरवून बघतो. तो मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. नट फिरवून तिथली लांबी जुळवता येते.

बहुतेक मोटारींत मात्र पुशरॉड ठरावीक लांबीचाच येतो. असं ठरावीक माप शक्य कसं झालं? पूर्वी कारागीर कानस लावून प्रत्येक भाग शेजारच्या भागात बसवीत असे. 1908 साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सला तीन कॅडिलॅक गाड्या सुट्या करून त्यांचे भाग एकमेकांत मिसळले, 89 भाग तर साठ्यातले नवे घातले. नुसते पाने आणि स्क्रूड्रायव्हर वापरून गाड्या पुन्हा जोडल्या, आणि त्या 500 मैल धावल्या! माप कारागिराच्या हातातून नकाशावर गेलं, ते असं.

1955 ची शेवरोले व्ही-एट याच परंपरेतली. तिचे 16 पुशरॉड एकाच लांबीचे, सुमारे 7.8 इंच.

आता हेच इंजिन पुन्हा बांधायला घ्या. हेड घासलं, ब्लॉकचा माथा घासला, गॅस्केट बदललं, कॅम नवा घातला. पुस्तकातला आकडा तोच राहिला, पण आतलं अंतर बदललं. म्हणून जाणकार माणूस लांबी कमीजास्त करता येणारा पुशरॉड लावतो, व्हॉल्व्हवर हलकी स्प्रिंग घालतो, व्हॉल्व्हच्या टोकाला शाई फासतो आणि क्रँक दोन फेरे फिरवतो. मग रॉकर काढून बघतो. शाई पुसलेला पट्टा अरुंद आणि मध्याजवळ हवा. तो रुंद किंवा कडेला असेल, तर रॉकर व्हॉल्व्हला बाजूला रेटतोय, आणि गाइड लवकर झिजणार. पट्टा जुळला की ती लांबी मोजायची. हायड्रॉलिक टॅपेट असेल, तर त्याचा ठरलेला दाब त्यात मिळवायचा.

आपल्याला वाटतं, लांबी हा सळईचा गुण. लांबी तिची खरी, पण ‘योग्य’ लांबी तिच्यात नसते. ती कॅम, रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्या संबंधात असते. 1908 चा धडा खोटा नव्हता. त्याला एक अट होती : सगळे भाग नकाशाप्रमाणेच असले पाहिजेत. एकावर जरी हत्यार चाललं, तरी आपल्याला पुन्हा मोजायला बसावं लागतं.