बी आणि जमीन



पोळ्याच्या सुमारास हेमलकशाला ताईच्या मुलाकडे राहून आलो. तो तिकडे शिक्षक आहे. रोवणी आटोपली होती. बांधावरून चालताना त्याने दाखवलं, एकाच पोत्यातलं धानाचं बी. खालच्या बांधीत हिरवंगार आणि वरच्या मुरमाड तुकड्यात पिवळं पडलेलं. मग तो एकदम म्हणाला, "मामा, आईचं गाठीचं ऑपरेशन तर वेळेवर झालं होतं. मग?"

ताईच्या स्तनातली गाठ काढली आणि चार वर्षांनी रोग मणक्यात निघाला. कोणी म्हणालं, आपल्या रक्तातच आहे. कोणी म्हणालं, पथ्य पाळलं नसेल. ताई मला विचारायची, "माझंच काही चुकलं का रे?" मी इतिहासाचा मास्तर. उत्तर शोधायला इतिहासातच शिरलो.

१८८९ साली लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. रोगाच्या पेशी रक्ताबरोबर सगळीकडे जातात, तर यकृतात तो इतक्यांदा का आणि प्लीहेत इतका क्वचित का? त्यांनी दाखला दिला तो बी आणि जमिनीचा. पुढे कित्येक दशकं मात्र लक्ष राहिलं ते बी उपटण्याकडे.

आपल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकल्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी शरीराबाहेर पेशी वाढवणारी देशातली पहिली प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा परस्परसंबंध त्या शोधत होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

१९९७ साली तर नवल घडलं. इराणात जन्मलेल्या मीना बिसेल यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत, स्तनाच्या कर्कपेशींना भोवतालाशी जोडणारा एक दुवा अडवला. जनुकांतला दोष तसाच, पण पेशी निरोगी असल्यासारख्या शिस्तीत बसल्या! म्हणजे गाठ ही एकटी नसते. शेजारच्या पेशी, रक्तवाहिन्या, आधाराचे तंतू, सगळे तिला आवरतात किंवा पोसतात.

हाडाचं तसंच. आपलं हाड जन्मभर थोडं झिजतं, थोडं भरतं. तिथे पोचलेली कर्कपेशी झिजवणाऱ्या पेशींना चिथावते. हाड विरघळताना त्यात साठलेली वाढीची द्रव्यं सुटतात आणि तीच तिचं खत होतात. आता हाडाची झीज रोखणारी औषधं देतात, ती या जमिनीवरचाच इलाज. रोग त्याने मुळासकट जात नाही, पण हाडं मोडण्याचा धोका कमी होतो.

भाच्याला बांधावरच हे सांगितलं. म्हटलं, जमीन म्हणजे तुझ्या आईचं पथ्यपाणी नव्हे रे. जिवंत हाडाचा तो नेहमीचा व्यवहार, रोगाने त्याचाच फायदा घेतला. तिचं काही चुकलं नव्हतं.

तो बराच वेळ पिवळ्या तुकड्याकडे बघत राहिला. ताईला हे सांगायला मला उशीर झाला. तुमच्या घरात कोणी असं विचारत असेल, तर तुम्ही करू नका.