नंदाखाल धर्मग्राम : भूगोल आणि वारसा

उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी, पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर व पश्चिमेस अरबी समुद्र या चतुःसीमेत वसईचा परिसर येतो. चंदनसार रेल्वेमार्गाच्या पूर्वेस, तर नंदाखाल पश्चिमेच्या किनारपट्टीत आहे. नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चची स्थापना इ. स. १५७३ मधील. १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेलेला हा मुलूख १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. राजवट बदलली, तथापि सामवेदी ख्रिस्ती समाजाची बागायत व बोली टिकून राहिली.

या सातत्याचे एक कारण भूगोलात आढळते. येथे पावसाचे पाणी 'बावखल' या खोदीव तळ्यांत साठते, वालुकामय जमिनीत मुरते व विहिरींचे पाणी गोडे राखते. केळी, पानवेल व भाजीपाल्याच्या वाड्या त्यावरच पोसल्या गेल्या. नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी 'हरित वसई' चळवळीतून याच जमीन-पाण्याचा प्रश्न मांडला.

वारसा म्हणजे केवळ वास्तू असे मानल्यास चर्च उरेल; पण बावखले बुजल्यावर विहिरींत खारे पाणी शिरेल आणि चर्चभोवतीचे गाव उरणार नाही. म्हणून बावखलांची गावनिहाय नोंद करणे हे इतिहास व भूगोल या दोन्ही विभागांचे संयुक्त कार्य ठरते.